पाटी नको, नोंदणी बघा

आमच्या गटातल्या एका ताईंना रात्र-रात्र झोप लागत नव्हती. एका ‘समुपदेशका’नं पैसे घेतले, वर डॉक्टरांच्या गोळ्याही बंद करायला लावल्या. त्रास वाढला. नंतर कळलं, त्याच्याकडे पदवीच नव्हती.

गोळ्या लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ. ते डॉक्टर असतात. नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे.

कर्ज काढताना आपण व्याज विचारतो ना? तसंच नोंदणी क्रमांक आणि फी आधी विचारा. विचारल्याचा राग आला, तर तिथून उठा. चालू गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. काहीच सुचेना, तर टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा. मोफत आहे, रात्रीही चालू असतो.