चोरिस नावाचं वाळवण

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आमचं मागचं अंगण आणि शेजारच्या आंटींचं अंगण यांच्यामध्ये तारेचं एक कुंपण होतं. होळीच्या आगेमागे आमच्या बाजूला खाटेवर जुनं धोतर अंथरून त्यावर ज्वारीचे बिबडे पडत आणि त्यांच्या बाजूला कपडे वाळत घालायच्या दोरीवर लालभडक मण्यांच्या माळा लोंबत. प्रत्येक मणी बोटाच्या पेराएवढा, दोन मण्यांमध्ये दोऱ्याची गाठ. आंटी मूळच्या गोव्याच्या, त्यांचे यजमान गार्ड. त्या काळी भुसावळ जंक्शनवर अँग्लो-इंडियन आणि गोव्याकडची बरीच कुटुंबं नोकरीनिमित्त राहायची. आमच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद, त्यामुळे त्या माळांत डुकराचं मांस आहे हे कळल्यावर आई कुंपणापासून चार हात लांब उभी राहायची. पण तिची नजर माळेवरून हलायची नाही. एके दिवशी तिने वारा कुठून येतो ते पाहिलं आणि आंटींना दोरी उत्तर-दक्षिण बांधायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे त वायवनच आहे!" आमच्या बोलीत ळ चा य होतो. वाळवण या शब्दात आईने त्या परक्या पदार्थाला घरात घेतलं, ते मला आजही पटतं.

गोव्यात याला चोरिस म्हणतात, कुणी गोवा सॉसेज म्हणतं. मुळात ते पोर्तुगिजांचं शोरिसू. 1510 मध्ये पोर्तुगीज गोव्यात आले, 1961 पर्यंत राहिले, मिरची, बटाटा, काजू, पाव अशा गोष्टी देऊन गेले, त्यातच हेही. इतिहास एवढा पुरे. मला खरं बोलायचंय ते शिरक्याबद्दल.

पोर्तुगालमध्ये मांस टिकवायला द्राक्षाची वाइन आणि लसूण वापरत. तिथल्या अशा एका पदार्थाचं नाव कार्न द विन्या दाल्योस, म्हणजे वाइन आणि लसणातलं मांस. त्याचंच पुढे विंदालू झालं. गोव्यात द्राक्षं नव्हती, माड होते. रेंदेर माडावर चढून सूर काढतो. ताजी सूर गोड असते, दुपारपर्यंत फसफसते आणि तशीच ठेवली तर काही दिवसांत आंबट शिरका होतो. म्हणजे गोव्याच्या बाईला वाइनची जागा भरून काढायला बाजारात जावं लागलं नाही, डोक्यावरच्या झाडातच ती होती. माडाच्या शिरक्याला उसाच्या किंवा बाटलीबंद पांढऱ्या शिरक्यापेक्षा मऊ, किंचित गोडसर अंग असतं. तो घशात टोचत नाही. मी दोन्ही शिरक्यांत एकाच दिवशी, एकाच मांसाची दोन पातेली भिजवून पाहिली आहेत. पांढऱ्या शिरक्यातल्या मांसाला आंबटपणा वरून चोळल्यासारखा लागतो. माडाच्या शिरक्यात तो मांसाचाच होऊन बसतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी याच एका बाटलीसाठी दोन वेळा गेले. तिथे चोरिसच्या माळा टांगून बसलेल्या बायका मणी मोजून देतात, आणि जवळच कुणाकडे तरी शिरक्याच्या बाटल्या असतात. बाटलीच्या तळाशी गढूळ गाळ दिसला की मी तीच उचलते.

बाटली संपली तर मी आता राहते त्या धुळ्याहून सुरतेच्या रस्त्याला लागायचं. नवसारीच्या कोला कुटुंबाचा उसाचा शिरका 1885 पासून चालत आला आहे. पारशी लोणच्यांचा तो कणा आहे. गुण वेगळा, पण खरा आंबलेला शिरका आहे, आणि खान्देशातल्या माणसासाठी गोव्यापेक्षा नवसारी कितीतरी जवळ.

लग्न होऊन मी धुळ्याला आले आणि पहिल्यांदा चोरिस केलं ते मे महिन्यात. आंटी सांगायच्या की गोव्यात ते पावसाच्या आधी करतात. तिथे पावसाळ्याच्या बेगमीला पुरुमेंत म्हणतात. सुके मासे, मीठ, मिरच्या, चोरिस असं चार महिन्यांचं सगळं त्यात येतं. मी त्याच हिशेबाने एप्रिल-मे धरला. दुसऱ्याच दिवशी गच्चीवरच्या माळेतून चरबी वितळून ठिबकू लागली. वरचं आतडं कागदासारखं कडक झालं आणि आतलं मांस ओलंच राहिलं. उन्हाने कातडी इतकी झटकन वाळली की आतल्या ओलीला बाहेर यायला वाट उरली नाही. सगळं फेकून दिलं. खान्देशातलं त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचं ऊन कुरडईचं ऊन आहे, चोरिसचं नाही. चिकाचा थर पातळ, तो दोन दिवसांत खडखडीत वाळतो. जाड मांसाला सावकाश वारा लागतो.

तो वारा आपल्याकडे पौषात असतो. धुळे-जळगावात त्या रात्री पारा कित्येकदा दहाच्याही खाली जातो, हवा कोरडी, माशा नाहीत. गोव्यात हवेत इतका ओलावा असतो की माळा उन्हात घालून पुन्हा चुलीच्या धुरावर टांगाव्या लागतात. आपल्याला धूर फक्त वासासाठी लागतो. भरताच्या वांग्यांसाठी शेतातून आणलेल्या तुरकाठ्यांच्या धुरावर मी माळा दोन संध्याकाळ धरते. भरताला जो वास येतो तोच मग चोरिसला येतो, आणि हे माझं चोरिस गोव्याचं उरत नाही हे मला मान्य आहे.

आता कृती. दोन किलो मांस घ्यायचं, त्यात दोन वाटे लाल मांस आणि एक वाटा चरबी. खिमा करायचा नाही. सुरीने बोराएवढे तुकडे करायचे, कारण चोरिस चावताना तुकडा लागला पाहिजे. किलोमागे 35 ग्रॅम जाडं मीठ चोळून, वर वजन ठेवून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी सुटलेलं पाणी ओतून टाकायचं आणि मांस कापडावर कोरडं करायचं. मसाल्यात 60 ग्रॅम काश्मिरी मिरची रंगाला आणि 15 ग्रॅम नंदुरबारची तिखटाला. नंदुरबार 1998 पर्यंत आमच्याच धुळे जिल्ह्यात होतं. तिथल्या बाजाराबाहेर पथारीवर वाळणाऱ्या लाल मिरचीचा रंग एकदा पाहिला की दुकानातली पुडी घ्यावीशी वाटत नाही. याशिवाय 60 ग्रॅम लसूण, आल्याचा मोठा तुकडा, जिरं, मिरी, सात-आठ लवंगा, दालचिनी, हळद. हे सगळं 200 मिलिलिटर शिरक्यात वाटायचं. पाण्याचा एक थेंब नाही. आई कैरीच्या लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू देत नसे, तोच नियम. मसाला मांसाला चोळून तीन दिवस फ्रीजमध्ये, रोज एकदा खालीवर करायचं.

आतडं हा खरा अडथळा. गोव्यात बैलाचं वाळवलेलं आतडं वापरतात. महाराष्ट्रात 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर तो मार्ग बंद. मी ओळखीच्या खाटकाकडून वझडीतलं बोकडाचं बारीक आतडं आधी सांगून ठेवून घेते. उलटं करून, सुरीच्या पाठीने खरवडून, मीठ आणि लिंबाने तीनदा धुते. ते नाजूक असतं, त्यामुळे मणी लहानच करावे लागतात. नरसाळ्यातून भरताना हवा राहिली तर सुईने टोचून काढायची. मग पाच-सहा दिवस, उन्हाची तिरीप न लागता, मलमलच्या कापडाआड टांगायचं. माळ टांगण्याआधी वजन करून ठेवते. एक तृतीयांश वजन घटलं की झालं.

यात हौसेपेक्षा काळजी मोठी आहे. आतड्याच्या आत हवा नसते, आणि अशाच ठिकाणी बोटुलिझमचा जंतू विष करतो. त्या रोगाचं नावच सॉसेजच्या लॅटिन शब्दावरून, बोटुलसवरून पडलं. 1820 च्या सुमारास जर्मनीतल्या वुर्टेंबर्गच्या युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने सॉसेज खाऊन झालेल्या विषबाधांचा अभ्यास केला, ते विष स्वतःवरही थोडं घेऊन पाहिलं. पुढे 1895 च्या बेल्जियममधल्या हॅमच्या विषबाधेनंतर व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने तो जंतू वेगळा काढला. मीठ, आंबटपणा आणि कोरडेपणा या तिघांनी त्याला अडवायचं असतं, आणि घरच्या हाताला तिघांचं नेमकं माप कधीच खात्रीचं नसतं. म्हणून माझ्या माळा वाळल्या की सरळ फ्रीजरमध्ये जातात. बाहेर बरणीत ठेवत नाही. कच्चं तर कुणालाच चाखू देत नाही. डुकराच्या मांसातल्या पट्टकृमीसाठीही ते पुरतं शिजलंच पाहिजे. वास बदललेला मणी दिसला तर अख्खी माळ फेकते.

माझ्या जावेला डुकराचं चालत नाही, म्हणून एकदा बोकडाच्या मांसाचं केलं. मसाला तोच, वारा तोच. पण बोकडाची चरबी ताटात गार होताच मेणासारखी टाळूला चिकटते. डुकराची चरबी मऊच राहते, म्हणून चोरिस त्याचंच. जावेसाठी मी आता चरबी काढून नुसत्या मांसाचे मणी वेगळे करते.

शिजवताना तेल घालायचं नाही. मणी दोऱ्यातून सोडवून, टोचून, अर्ध्या कांद्यासह पाण्यात पाऊण तास मंद शिजवायचे. पाणी आटलं की चरबी सुटते आणि त्याच लाल तुपात कांदा परततो. आंटी हे पावात भरून द्यायच्या. मी चौथीत असताना त्यांच्या ओट्यावर बसून पहिल्यांदा ते खाल्लं होतं. आईने विचारलं तेव्हा खरं सांगितलं. तिने फक्त हात धुऊन यायला सांगितलं. पुढे आंटींच्या माळा संपल्या की त्यांचे यजमान गोव्याहून आणायचे. आता निजामुद्दीन-वास्को गोवा एक्सप्रेस भुसावळहून थेट जाते, तेव्हा मिरजेला उतरून मीटर गेजची गाडी धरावी लागे. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या माळांचा वास ते जिन्यावर असतानाच कळायचा.

पाव माझ्या घरी फार खाल्ला जात नाही. कळण्याच्या भाकरीवर, गरम असतानाच, दोन मणी फोडून पसरते. उडदाच्या त्या किंचित कडवट भाकरीला शिरक्याचा आंबटपणा असा धरतो की वर कांदाही लागत नाही. कढईत उरलेल्या लाल तुपात दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या काचऱ्या परतते. त्यासाठी घरातल्या शाकाहारी मंडळींपासून वेगळी ठेवलेली एक लोखंडी कढई आहे, भुसावळ सोडताना आंटींनी दिलेली.