स्वस्त बांगडा आणि बर्फाचे मोल

रात्री विरार लोकलमधून उतरल्यावर बाजारात बांगड्याचा उरलेला वाटा स्वस्तात मिळतो. पगार बेताचा, घरात खाणारी तोंडे पाच, मोह होणारच. पण भगिनींनो, वाटा घेताना एक प्रश्न जरूर विचारा : मासळी दिवसभर बर्फात होती का?

सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया विकरे, म्हणजेच एन्झाइम, घडवून आणतात. थंडीत त्यांचे काम मंदावते. ऊब मिळाली की वेग वाढतो. साधारणपणे दर 10 अंशांना दुप्पट. फार तापले तर मात्र, अंड्यातील पांढरे उकडून घट्ट होते तसे, त्यांचे रूप बिघडते आणि काम थांबते.

बांगडा, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासा उबेत पडून राहिला की जंतू वाढतात व त्यांचे विकर त्यापासून हिस्टामाइन बनवते. शिजवल्यावर जंतू मरतात, विकरही निकामी होते. पण एकदा तयार झालेले हिस्टामाइन तसेच राहते. मग कालवण कितीही उकळा! वासावरूनही ते नेहमी कळत नाही.

असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, डोके दुखते, अंगाला खाज सुटते, उलट्या-जुलाब होतात. आपण ‘मासळी बाधली’ म्हणून सोडून देतो. श्वास लागला वा चक्कर आली, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

म्हणून बाजारहाट करताना मासळी सर्वांत शेवटी घ्यावी आणि घरी येताच साफ करून शिजवावी. स्वस्तातला वाटा औषधांच्या खर्चाने महाग पडू नये, एवढेच सांगणे.