गृहवित्त : जुन्नर व आंबेगाव तालुके

गृहवित्त : राहण्यासाठी घर विकत घेणे, नवे बांधणे किंवा जुन्या घराची दुरुस्ती वा विस्तार करणे यांकरिता दीर्घ मुदतीच्या कर्जाने केलेली पैशाची तरतूद, म्हणजे गृहवित्त होय. या कर्जाचे वैशिष्ट्य असे, की ज्या वस्तूसाठी ते काढले जाते तीच वस्तू त्याचे तारण असते. म्हणून धनको संस्था कर्जदाराची ऐपत जितक्या बारकाईने पाहते, तितक्याच बारकाईने घराचे व त्याखालील जमिनीचे कागद पाहते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत हा दुसरा भाग इमारतीच्या विकासकाने बहुधा आधीच उरकलेला असतो. पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत मात्र तो खरेदीदाराच्याच अंगावर पडतो आणि घराचा व्यवहार फसतो तोही बहुधा याच ठिकाणी.

या परिसरातील घर घेणारे तीन प्रकारचे आहेत. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव यांसारख्या बाजारगावी नोकरी वा व्यापार करणारे. शेतावर किंवा रस्त्याकडेला घर बांधू पाहणारे बागायतदार. आणि पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यास गेलेले, परंतु गावी आपले घर असावे अशी इच्छा धरून असलेले कुटुंबप्रमुख. गावात या तिसऱ्या वर्गास सरसकट ‘मुंबईकर’ म्हणतात. तिघांच्या अडचणी वेगळ्या आहेत. कागदपत्रे मात्र बव्हंशी सारखीच लागतात.

पूर्वपीठिका : पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांत १८७५ साली सावकारांविरुद्ध जे दंगे झाले त्यांच्या मुळाशी जमीन व घर गहाण पडण्याचेच दुःख होते. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम व १९०४ चा सहकारी पतसंस्था अधिनियम यांनी सावकारीस पर्याय शोधण्याचा प्रयत्न झाला. तथापि सहकारी पतपुरवठ्याचा रोख पीक, विहीर, बैल व पुढे ऊस यांवर राहिला. घर हा ‘अनुत्पादक’ खर्च मानला गेल्याने त्यासाठी कर्ज मिळणे दुरापास्तच होते. केंद्रीय पातळीवर गृहनिर्माण व नगरविकास निगम (हुडको) १९७० मध्ये, खासगी क्षेत्रातील एचडीएफसी १९७७ मध्ये आणि राष्ट्रीय गृहनिर्माण बँक १९८८ मध्ये स्थापन झाली. तालुक्याच्या गावी पगारदाराखेरीज इतरांपर्यंत ही सोय पोहोचण्यास मात्र आणखी बराच काळ जावा लागला.

जमीन व हक्कलेख : या तालुक्यांतील सर्वांत सामान्य व सर्वांत धोक्याचा व्यवहार म्हणजे गुंठ्याची खरेदी होय. एक गुंठा म्हणजे सु. १०१ चौ. मी. एका घरापुरती ही जागा पुरते व तिची किंमतही आवाक्यात वाटते. परंतु धारण जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९४७ च्या अधिनियमानुसार (लोकभाषेत ‘तुकडेबंदी’) प्रमाणभूत क्षेत्राहून लहान शेतजमिनीचे हस्तांतर करता येत नाही. हे क्षेत्र २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी बागायतीस १० गुंठे व जिरायतीस २० गुंठे असे ठरविण्यात आले. परिणामी एक-दोन गुंठ्यांचे खरेदीखत नोंदले जात नाही. मग मुद्रांक कागदावर लिहून नोटरीसमोर सह्या होतात, पूर्ण रक्कम दिली जाते, भिंतीही उभ्या राहतात आणि सातबाऱ्यावर नाव मात्र मूळ मालकाचेच राहते. शंभर रुपयांवरील स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोटरीचा शिक्का सही खरी असल्याचे सांगतो, मालकी देत नाही. केवळ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या विक्रीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. मूळ मालकाच्या मृत्यूनंतर वारसांची नावे लागली, की अशा खरेदीदाराची खरी परीक्षा सुरू होते. नियमभंग झालेले काही व्यवहार अधिमूल्य भरून नियमित करून घेण्याची वाट २०१७ च्या दुरुस्तीने खुली केली आणि २०२५ च्या अध्यादेशाने निवासी व तत्सम वापरासाठी नेमलेल्या क्षेत्रांपुरते हे निर्बंध सैल झाले. शेतीक्षेत्रातील गुंठ्यास त्याचा लाभ मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

शेतजमिनीवर घरासाठी कर्ज न मिळण्याचे आणखी एक कारण आहे. थकीत कर्जापोटी न्यायालयात न जाता तारणाचा ताबा घेण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या प्रतिभूती-विषयक अधिनियमाने (सरफेसी) मिळाला; त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्यास संरक्षण म्हणून ठेवलेली ही तरतूद घर बांधू पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या मात्र आड येते, कारण जे तारण सहजी वसूल होत नाही त्यावर संस्था पैसे देत नाही. म्हणून जमीन अकृषिक झाल्याचा पुरावा व सक्षम प्राधिकरणाची बांधकाम परवानगी यांवाचून प्रकरण पुढे सरकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये झालेल्या अलीकडच्या दुरुस्त्यांनी अकृषिक वापराची प्रक्रिया बरीच सोपी केली आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मी.च्या आतील जमिनीस रूपांतर-कर भरून निवासी वापर करता यावा, ही त्यांपैकीच एक तरतूद होय.

सातबारा वाचताना खरेदीदार नाव व क्षेत्र पाहून थांबतो. वस्तुतः पाहण्यासारखे असते ते ‘इतर हक्क’ हे सदर. सोसायटीचा वा बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, बहिणींची नावे, वाटपाचा दावा हे सारे तेथे उतरलेले असते. या दोन तालुक्यांत त्यात आणखी एक शेरा पुष्कळदा आढळतो. कुकडी प्रकल्पाखाली माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही धरणे याच भागात झाली. डिंभे धरणात तर ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले ते मूळ आंबेगावच बुडाले. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी लाभक्षेत्रातील जमिनींच्या हस्तांतरावर निर्बंध घालण्यात आले आणि त्यांच्या नोंदी सातबाऱ्यावर आल्या. पुनर्वसनात मिळालेली जमीन सामान्यतः भोगवटादार वर्ग २ ची असते. ती परवानगीवाचून विकता येत नाही. शेरा जुना आहे, आता त्यास अर्थ नाही, असे विक्रेता सांगतो तेव्हा तो कमी केल्याचा फेरफार दाखविण्यास त्यास सांगावे.

पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर इ. आदिवासींची वस्ती असून दोन्ही तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीने घेण्यास शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक असते. तीवाचून झालेला व्यवहार पुष्कळ वर्षांनीही उलटू शकतो. हा प्रतिबंध न्याय्य आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी, की स्वतः आदिवासी कर्मचाऱ्यासही आपल्या जमिनीवर गृहकर्ज मिळणे जड जाते, कारण त्या तारणास मोकळे गिऱ्हाईक नसते.

जागेच्या निवडीत कागदापलीकडच्या दोन गोष्टी आहेत. शिवनेरी, लेण्याद्री व जुन्नरभोवतालची अन्य लेणी ही केंद्र-संरक्षित स्मारके आहेत. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मी.पर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून त्यापुढील २०० मी.पर्यंत पूर्वपरवानगी घ्यावी लागते. दुसरी गोष्ट डोंगरउताराची. आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी पहाटे दरड कोसळून गाडले गेले व १५१ माणसे दगावली. वाचलेल्यांसाठी आमडे येथे नवी वसाहत उभारून २०१७ मध्ये घरे देण्यात आली. उतारावर यंत्राने सपाटी काढलेला स्वस्त भूखंड पावसाळ्यात पाहून मगच घ्यावा.

गावठाणातील घरे : गावठाणातील जुन्या घरास सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हीच बहुतेकांची मिळकत असते आणि तो आकारणीसाठीचा कागद असून मालकीचा पुरावा नव्हे, हे कर्ज मागण्याची वेळ येईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या गावठाणांचे नगर भूमापन झाले आहे तेथे मिळकत पत्रिका मिळते. पुणे जिल्ह्यातीलच पुरंदर तालुक्यात सोनोरी येथे ड्रोनद्वारा गावठाण मोजणीचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेतून अशा पत्रिका गावोगावी तयार होऊ लागल्या. मोजणीच्या वेळी हजर राहून हद्द दाखविणे हे मुंबईकरांकडून हमखास राहून जाते.

चार भावांच्या सामाईक वाड्याची अडचण वेगळीच. एक भाऊ तो बांधू पाहतो, कर्ज त्याच्या नावे, भिंती चौघांच्या. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २००५ मधील दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलींनाही मुलांप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला आहे; म्हणून बहिणींसह सर्व सहहिस्सेदारांचे नोंदणीकृत वाटपपत्र वा हक्कसोडपत्र झाल्याखेरीज बँक कर्ज मंजूर करीत नाही. घरातील तोंडी समजूत कितीही गोड असली, तरी ती तारण म्हणून चालत नाही.

सदनिका : पुणे-नाशिक महामार्गावरील मंचर, नारायणगाव व जुन्नर शहर येथे सदनिकांच्या इमारती उभ्या राहत आहेत. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी, सत्तर टक्के रकमेसाठी स्वतंत्र खाते व नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई अशी संरक्षणे ग्राहकास आहेत. परंतु ५०० चौ. मी.पर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पास ही नोंदणी सक्तीची नाही आणि लहान गावांतील अनेक इमारती नेमक्या याच मापाच्या असतात. तेथे १९६३ च्या मालकी सदनिका अधिनियमाचाच आधार उरतो. विकासकाच्या नावचा हक्कलेख, मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र स्वतः पाहिल्यावाचून विसार देऊ नये. तीस वर्षांचा मालकी-शोध वकिलाकडून करून घेण्यास येणारा खर्च घराच्या किमतीपुढे नगण्य असतो.

कर्जाचे गणित : रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ९० टक्के, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के व त्याहून मोठ्या कर्जात ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी सामान्यतः या मूल्यात धरली जात नाही. ती पदरचीच द्यावी लागते. मुद्रांकाचा दर ग्रामपंचायत व नगरपरिषद हद्दींत वेगवेगळा असून घर स्त्रीच्या नावे घेतल्यास त्यात एक टक्का सवलत मिळते. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३०,००० रु. आहे.

दहा लाख रुपये ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सु. ८,९९७ रु. बसतो. पहिल्या हप्त्यातील ७,५०० रु. व्याजाचे असतात व मुद्दल जेमतेम दीड हजाराने घटते. निम्मे मुद्दल फिटण्यास १४ वर्षे लागतात आणि एकंदर भरणा सु. २१ लाख ५९ हजार रुपयांचा होतो. हेच कर्ज १५ वर्षांत फेडल्यास हप्ता १०,१४३ रु. होतो, पण भरणा सु. १८ लाख २६ हजारांवर येतो. दर बदलता असल्यास बँक बहुधा हप्ता न वाढविता मुदत वाढविते : आरंभीच दर १० टक्के झाला व हप्ता तोच राहिला, तर २० वर्षांचे कर्ज २६ वर्षांवर जाते. पन्नाशीकडे झुकलेल्या कर्जदाराने हे आधीच विचारून घ्यावे. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास बँकेस दंड आकारता येत नाही.

पगारदारास मासिक हप्ता सोयीचा असतो. टोमॅटो, कांदा, द्राक्षे वा ऊस यांवर जगणाऱ्यास तो जाचक ठरतो, कारण त्याचे उत्पन्न हंगामी असते आणि नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव एका महिन्यात कोठून कोठे जातो हे कोणत्याच विवरणपत्रात मावत नाही. म्हणून असा कर्जदार ओळखीच्या पतसंस्थेकडे वळतो. तेथे कागद कमी लागतात व निर्णय लवकर होतो. पण व्याजाचा दर बहुधा चढा, मुदत आखूड आणि दोन जामीनदार आवश्यक असतात. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते व सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालील वसुली दाखल्याने त्याच्याही मालमत्तेस हात घालता येतो. ओळखीखातर केलेल्या सहीने पुष्कळ घरांत अबोला आला आहे.

अल्प उत्पन्न गटास ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजनेखाली १ लाख २० हजार रु. (डोंगराळ भागात १ लाख ३० हजार) अनुदान ठरविण्यात आले. आदिवासींसाठी शबरी व अनुसूचित जातींसाठी रमाई आवास या राज्याच्या योजना आहेत. नागरी भागात १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात व्याज-अनुदानाची तरतूद आहे. गृहकर्जावरील आयकर सवलती स्वतः राहण्याच्या घरापुरत्या मुख्यतः जुन्या करपद्धतीतच मिळतात.

गहाण व मुक्तता : बँका सामान्यतः मूळ हक्कलेख ठेवून घेऊन गहाण करतात, त्याची सूचना तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते, म्हणजे पुढील शोधात ते गहाण दिसते. कर्ज थकल्यास साठ दिवसांची नोटीस मिळते. या मुदतीत लेखी हरकत घेता येते व तिचे उत्तर देणे बँकेवर बंधनकारक असते. पूर्ण फेडीनंतर मूळ कागद तीस दिवसांत परत करावेत, बँकेच्या दोषाने उशीर झाल्यास दररोज ५,००० रु. भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेला नियम आहे. कागद हाती आले तरी सातबारा वा मिळकत पत्रिकेवरील बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचा बेबाकी दाखला जोडून अर्ज करावा लागतो, फेरफार मंजूर व्हावा लागतो आणि बोजाविरहित नवा उतारा कर्जदाराने स्वतः काढून पाहावा लागतो.