चित्रांनाही व्याकरण असतं!

'व्याकरण' म्हटलं की माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्याच्या पोटात गोळाच येतो. पण मागच्या सेममध्ये मिनी प्रोजेक्टने मला नेमकं तिथेच नेऊन उभं केलं. काम साधं वाटत होतं: हाताने काढलेलं सर्किट कॉम्प्युटरने ओळखायचं आणि एकूण रेझिस्टन्स सांगायचा.

सर्किटची आकृती ही एक भाषाच आहे. चिन्हं म्हणजे शब्द. फरक एवढाच, की वाक्यात शब्दाला दोनच शेजारी असतात, आधीचा आणि नंतरचा. चित्रात मात्र कोण कोणाला जोडलंय, कोण कोणाच्या आत आहे, हे सगळं नियमात लिहावं लागतं.

आमचे नियम तीनच. 'तुकडा' म्हणजे एक रेझिस्टर, किंवा सिरीजमधले दोन तुकडे, किंवा पॅरललमधले दोन तुकडे. ओळखताना उलटं जायचं: दोन-दोन तुकडे एकत्र करत शेवटी एकच उरला, की सर्किट पास! एफईला आपण हेच तर करतो. नोम चॉम्स्की यांनी १९५०च्या दशकात व्याकरणांच्या चार पायऱ्या लावल्या. त्यात, शेजारी कोण हे न बघता एकाच चिन्हाच्या जागी दुसरं काही ठेवणाऱ्या नियमांना 'कॉन्टेक्स्ट-फ्री' म्हणतात. आमचे नियम त्याच जातीचे.

मग आला व्हीटस्टन ब्रिज. मधल्या गॅल्व्हॅनोमीटरच्या जागी रेझिस्टर धरला तर एकूण पाच रेझिस्टर, पण त्यातले कुठलेही दोन ना सिरीजमध्ये, ना पॅरललमध्ये! प्रोग्रॅम म्हणे, "हे सर्किटच नाही." दोन रात्री जागून आम्ही कोडमध्ये बग शोधत बसलो. बग नव्हताच. आमच्या व्याकरणात ब्रिज बसतच नव्हता.

उपाय परीक्षेत नेहमी येणारा: स्टार-डेल्टा. पण हा नियम तीन रेझिस्टर एकदम उचलतो. म्हणजे एकाच चिन्हावर चालणारी आमची पायरी सोडावी लागली.

किम मॅरियट आणि बर्न्ड मेयर यांनी १९९७ साली चित्रभाषांची अशीच पायऱ्यांची वर्गवारी मांडली. तिचा उपयोग आता मला पटलाय. चित्रभाषा कुठल्या पायरीवर आहे हे आधी कळलं, तर आपले नियम पुरतील का, हे कोड लिहिण्याआधीच समजतं.

तेव्हा ज्युनियर्सनो, प्रोजेक्टला बसताना आधी कागदावर व्याकरण लिहा. आणि त्यात ब्रिज बसतो का, तेवढं बघा. दोन रात्रींची झोप वाचेल!