ऑस्कर नामांकनाचे आडाखे कसे बांधतात?

त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) कसा घडवला, याची गोष्ट सांगणारा परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ २००९ मध्ये भारतातर्फे ऑस्करला गेला. नामांकन मात्र हुकले.

■ पहिली चाळणी देशातच : आंतरराष्ट्रीय (पूर्वीच्या परभाषा) चित्रपट विभागासाठी प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येतो. आपल्याकडे ही निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया करते.

■ पुढची गाळणी : अकादमीचे सदस्य मतदानाने आधी १५ चित्रपटांची यादी काढतात, मग त्यांतून ५ नामांकने ठरतात. ‘छेल्लो शो’ २०२२ मध्ये पंधरांत आला, पाचांत नाही.

■ महोत्सवांचा कौल : ‘सलाम बॉम्बे!’ला कानमध्ये ‘कॅमेरा द’ओर’, तर ‘लगान’ला लोकार्नोत प्रेक्षक पुरस्कार मिळाला होता. दोघांनाही पुढे नामांकन मिळाले. भारतीय चित्रपटांत त्यांच्याआधी हा मान फक्त ‘मदर इंडिया’ला मिळाला होता.

■ आडाखा चुकतो तेव्हा : चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार जिंकूनही नामांकनापर्यंत पोहोचला नाही.

■ प्रचाराचे बळ : मतदारांनी चित्रपट पाहावा यासाठी अमेरिकेत खेळ आणि जाहिराती कराव्या लागतात. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’साठी (२००४) महाराष्ट्रात लोकांकडून निधी गोळा झाला होता.

■ मराठीचा हिशेब : २०२५ पर्यंत प्रवेशिका ३, नामांकन शून्य.