विमानाचा पार्किंग ब्रेक आणि चाकाखालचा ठोकळा



आपल्या जिल्ह्यात कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावाजवळ शिर्डी विमानतळ आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि मुंबईहून एटीआर ७२ हे पंख्याचे विमान येऊ लागले. तिथे जाऊन आलेल्या चौथीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, उभ्या विमानाच्या चाकाला ठोकळे का लावतात? त्याला हँडब्रेक नसतो का?"

मी पटकन सांगून टाकले, "असतो की, आपल्या कारसारखाच!" नंतर वाचायला बसलो तेव्हा कळले, उत्तर चुकले. म्हणून हा लेख.

टर्बोप्रॉप म्हणजे काय?
इंजिनातल्या गरम वायूच्या झोताने टर्बाइन फिरते आणि ती पुढचा पंखा फिरवते. इंजिन अगदी हळू चालू असले तरी पंखा विमानाला थोडे पुढे ओढू शकतो. शिवाय वारा असतो, जमिनीला उतार असतो. म्हणून उभे विमान धरून ठेवावे लागते.

ब्रेक कसा लागतो?
बऱ्याच कारच्या हँडब्रेकला तार असते. दांडा ओढला की तार ताणते आणि ब्रेक आवळला जातो. किंग एअरसारख्या छोट्या टर्बोप्रॉप विमानात मात्र काम तेलावर चालते. पायलटच्या पायाशी दोन पेडल असतात. त्यांचा वरचा भाग दाबला की नळीतले तेल दाबले जाते आणि चाकातल्या चकतीवर ब्रेक पॅड घट्ट बसतात. डावे पेडल डाव्या चाकाला, उजवे उजव्या चाकाला.

आता पार्किंग ब्रेक. पायलट आधी पेडल दाबतो आणि ते दाबलेलेच ठेवून एक मूठ ओढतो. त्यामुळे नळीतले व्हॉल्व्ह बंद होतात. मग पाय काढला तरी तेल मागे येत नाही, दाब चाकाकडे अडकून राहतो. म्हणजे मूठ स्वतः ब्रेक लावत नाही, पायाने दिलेला दाब फक्त कोंडून ठेवते! सोडताना पुन्हा पेडल दाबून दोन्ही बाजूंचा दाब सारखा करायचा आणि मूठ आत ढकलायची.

एटीआर ७२ मोठे असल्यामुळे त्यात वेगळी सोय आहे. तिथे साठवून ठेवलेल्या हायड्रॉलिक दाबावर पार्किंग ब्रेक लागतो.

मग ठोकळे कशाला?
कोंडलेल्या तेलाची एक अडचण आहे. ऊन तापले की तेल फुगते, दाब फार वाढतो. थंडी पडली की तेल आकसते, दाब कमी होऊन ब्रेक सैल पडू शकतो. थोडी गळती झाली तरी तेच. म्हणून किंग एअरच्या माहितीपुस्तकातच सूचना आहे की विमानाजवळ कोणी थांबणार नसेल तर पार्किंग ब्रेक सोडून ठेवा आणि चाकांना ठोकळे लावा. उसाची भरलेली ट्रॉली चढावर थांबली की आपण चाकामागे दगड लावतो ना, तेच शहाणपण! दगडाला ना ऊन बाधते ना थंडी.

वर्गात करून बघा
साहित्य: सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज, सलाइनची नवी नळी (तिच्यावरच्या छोट्या चाकासकट) आणि पाणी.
१) नळीच्या दोन्ही टोकांना सिरिंज बसवा. आत हवा राहू न देता पाणी भरा.
२) एक दट्ट्या दाबा. दुसरा बाहेर येईल. हा झाला पेडलचा ब्रेक.
३) दट्ट्या दाबलेलाच ठेवून नळीवरचे चाक फिरवून नळी बंद करा. आता हात सोडा आणि दुसरा दट्ट्या आत ढकलून बघा. जात नाही! हा झाला पार्किंग ब्रेक.
४) चाक मोकळे करून पुन्हा ढकला. लगेच आत जातो.

बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम मुले अशी हाताने शिकतात.

मी हा प्रयोग वर्गात केला, तेव्हा आधी मुलांना सांगितले, "परवा माझं उत्तर चुकलं होतं." सगळे हसले. पण त्यानंतर एरवी गप्प बसणाऱ्या दोघांनी प्रश्न विचारले. पालकहो, मुलांनी विचारलेले आपल्याला येत नसेल तर "चल, शोधू या" म्हणा. घाईत दिलेले उत्तर मुले मनात कोंडून ठेवतात, आणि ते नंतर सुटता सुटत नाही.