आधी बेण्याला औषध, मग लागण
(गरोदरपणातील धनुर्वाताच्या लसीविषयी)



ऊस लावताना आपण बेणे तसेच सरीत दाबत नाही. आधी औषधाच्या पाण्यात बुडवून काढतो, मगच लागण करतो. कारण मातीतला रोग कोंब वर यायची वाट बघत नाही. गरोदर बाईला धनुर्वाताची लस टोचतात, तीही याच हिशेबाने. सुई आईला टोचते, राखण बाळाची होते. ते कसे, आणि दोन इंजेक्शनांतले एक चुकले तर काय बिघडते, हे आज आम्ही सांगणार आहोत.

रोग मातीतला आहे

धनुर्वाताचे जंतू मातीत, धुळीत, शेणखतात असतात. जनावरांच्या आतड्यातही असतात. उन्हाने, थंडीने ते मरत नाहीत. वर्षानुवर्षे टिकून राहतात. गंजलेल्या खिळ्याने धनुर्वात होतो असे आपण म्हणतो, पण दोष गंजाचा नसून खिळ्याला लागलेल्या मातीचा असतो.

नवजात बाळाच्या अंगावर एकच उघडी जखम असते, ती नाळेची. विळ्याने, कोयत्याने किंवा जुन्या पात्याने नाळ कापली, किंवा तिच्यावर राख नाहीतर शेण लावले, की जंतूंना वाट मिळते. असे बाळ पहिले दोन दिवस चांगले दूध ओढते. मग तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आत कधीतरी जबडा आवळतो, दूध ओढवत नाही, अंग ताठ होते, झटके येतात. हे नेमके पाचवी-सटवीच्या सुमारास दिसू लागे, त्यामुळे घरचे लोक बाहेरची बाधा समजून बसत. एकदा रोग अंगात भिनला की मोठ्या दवाखान्यातसुद्धा बाळ वाचवणे कठीण जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १९८८ साली या एका रोगाने जगभरात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बाळे दगावली. पुढे लस आणि दवाखान्यातली बाळंतपणे वाढली. २०१५ साली आपल्या देशातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. पण निर्मूलन याचा अर्थ इथे एवढाच, की प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी बाळाला हा रोग होतो. देवीचा रोग माणसाकडून माणसाला व्हायचा, म्हणून तो जगातून नाहीसा करता आला. धनुर्वात मातीतला. शेजारच्या दहा बायांनी लस घेतली म्हणून अकरावीचे बाळ सुटत नाही. ज्याची त्यालाच घ्यावी लागते.

दोन डोस कशासाठी?

या लसीत जिवंत जंतू नसतो. जंतूचे विष निकामी करून लस बनवलेली असते. ती टोचली की आईचे रक्त त्या विषाशी लढणारी प्रतिपिंडे तयार करते. ती वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात आणि जन्मल्यावर पहिले काही आठवडे त्याला सांभाळतात.

पहिला डोस म्हणजे शरीराला रोगाची नुसती ओळख. खरी ताकद येते ती दुसऱ्या डोसाने, आणि तीही यायला साधारण दोन आठवडे जातात. म्हणून दिवस गेल्याचे कळताच पहिला डोस आणि त्यानंतर चार आठवड्यांनी दुसरा, असा नियम आहे. आधीच्या बाळंतपणात दोन्ही डोस झाले असतील आणि त्याला तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले, तर एकच डोस पुरतो. कळा सुरू झाल्यावर घाईने टोचून घेतलेले इंजेक्शन त्या बाळाच्या फारसे कामी येत नाही.

पूर्वी हे इंजेक्शन ‘टी.टी.’ नावाने ओळखले जाई. आता त्या जागी ‘टी.डी.’ मिळते. धनुर्वाताबरोबर ती घटसर्पापासूनही वाचवते. (जनावरांचा घटसर्प वेगळा, माणसाचा वेगळा.) दंड दुखणे, किंचित ताप येणे, एवढाच त्रास. या लसीने गर्भ पडतो ही भीती खोटी आहे.

आईकडून मिळालेली ही शिदोरी पुढे संपते. म्हणून बाळाचे स्वतःचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना चुकवू नयेत. नाळेला काही लावू नये, कोरडी ठेवावी.

आपल्या फडातली बाई

आपल्या घरच्या सुना-लेकींची नोंद आशाताईंकडे असते. अडचण आहे ती आपल्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईची. गावी पहिला डोस घेते, दसरा-दिवाळीला टोळीबरोबर निघते, आणि दुसऱ्या डोसाची तारीख येते तेव्हा ती आपल्या शिवारात मोळ्या बांधत असते. गेल्या हंगामात आम्ही तळावर विचारपूस केली. सातवा महिना लागलेली एक बाई म्हणाली, “कार्ड गावाकडं पेटीत राह्यलं. आन् दवाखान्यात गेलं की खाडा पडतो. कसं जायाचं?”

तिच्या दोन्ही अडचणींवर उपाय आहे. कार्ड नसले तरी लस मिळते. कोणत्याही सरकारी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट टोचतात, गाव कोणते हे आड येत नाही. पहिल्या डोसाचा पुरावा नसेल तर नर्सबाई दोन्ही डोस नव्याने देतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही सोय २०१६ पासून आहे. राहिला खाडा. तो सभासद आणि मुकादम यांनी मनावर घेतले तरच टळेल.

तेव्हा टोळी फडात उतरली की पहिल्या दिवशीच विचारा, “पोटुशी कोण आहे? सुई झाली का?” नसेल झाली तर आशाताईंना कळवा, मोटारसायकलवरून उपकेंद्रापर्यंत सोडा, आणि त्या अर्ध्या दिवसाचा खाडा धरू नका, असे मुकादमाला सांगा. अर्ध्या दिवसात आपला ऊस वाळत नाही. तिने तोडलेल्या उसावर आपला कारखाना चालतो. तिच्या बाळाची एवढी राखण आपल्याकडून व्हावी, ही सर्व सभासदांना आमची विनंती.